‘तू त्यांच्यासारखी नाहीस’: अमेरिकेतलं शाळेचं एक वर्ष



मला आयोजकांनी सांगितलं, ‘परदेशात शिकून आलीस, मुलांना प्रेरणा मिळेल असं बोल.’ प्रेरणेचं मला जमणार नाही. समोर नववी-दहावीच्या मुली बसल्यात आणि मागच्या रांगेत त्यांचे अम्मी-अब्बा हाताची घडी घालून बसलेत. २०१६ साली माझे अब्बा अशाच एका सभेत अगदी असेच बसले होते. त्यामुळे जे झालं तेच सांगते, त्यातलं मला न शोभणारंही.

आधी कार्यक्रमाची माहिती. अमेरिकेत ११ सप्टेंबरचा हल्ला झाला, त्यानंतर एडवर्ड केनेडी आणि रिचर्ड लुगर या दोन सिनेटरांच्या पुढाकाराने २००२ मध्ये ‘केनेडी-लुगर यूथ एक्स्चेंज अँड स्टडी’ सुरू झालं. सगळे त्याला ‘येस’ म्हणतात. मुसलमानांची वस्ती मोठी आहे अशा देशांतल्या शाळकरी मुलांनी एक शैक्षणिक वर्ष अमेरिकन कुटुंबात राहायचं, तिथल्या सरकारी हायस्कुलात जायचं आणि परत यायचं. विमानाचं भाडं आणि दरमहा थोडा हातखर्च त्यांचा. आणि आईवडिलांनो, हे नीट ऐका: ज्या घरात मुलगी राहते त्या घराला त्याचे पैसे मिळत नाहीत. ती माणसं हौसेने, स्वखुशीने तुमची मुलगी वर्षभर सांभाळतात.

मी दहावी झाल्यावर गेले. नातेवाईक म्हणाले, वर्ष वाया जाईल. गेलंच. परत येऊन अकरावी पहिल्यापासून केली. मोठ्या चाचांची हरकत वेगळी होती, ती तुम्हाला सांगायला नको. अम्मीने एवढंच म्हटलं, ‘माझी लेक आहे, मी सही केलीय.’

मला मिनेसोटा राज्यातलं एक छोटं गाव मिळालं. मका, सोयाबीन आणि टर्कीवर प्रक्रिया करणारा एक कारखाना. होस्ट बाबा ट्रक चालवायचे, होस्ट आई वृद्धाश्रमात कामाला होती. त्यांना नावाने हाक मारायची होती. वडीलधाऱ्या माणसाला नुसत्या नावाने! माझी जीभ रेटेना. दीड महिना मी हाकच मारली नाही, समोर जाऊन उभी राहायचे. घरात कुत्रा होता, तो माझ्या खोलीच्या दारात झोपायचा. अम्मीला ते मी फेब्रुवारीत सांगितलं. शाळेच्या कँटीनमध्ये विचारलं, यात पोर्क आहे का? वाढणाऱ्या बाईंनी प्रेमाने सांगितलं, ‘नाही गं, हॅम आहे.’

तुम्हाला वाटेल, पहिला महिना कठीण गेला असेल. तसं नसतं. पहिल्या महिन्यात सगळंच नवं असतं, पिवळी बस, लॉकर, सगळं. माझं रडणं सुरू झालं ते बकरी ईदला. तिथे ती १२ सप्टेंबरला, सोमवारी होती. आमच्या घरी दुसऱ्या दिवशी. मी कुणाला सांगितलंच नव्हतं. सांगायचं असतं हेच मला माहीत नव्हतं! आपल्याकडे ईद सांगावी लागते का? गल्लीला माहीत असते. मी गणिताची चाचणी दिली आणि मधल्या सुट्टीत संडासात जाऊन रडले. मग रोज रात्री चोरून अम्मीला फोन. साडेदहा तासांचा फरक, माझी रात्र म्हणजे तिची चहाची वेळ. फोन ठेवला की मी आणखी एकटी. माझ्यावर देखरेख ठेवणाऱ्या स्वयंसेवक बाई दर महिन्याला विचारायच्या, सगळं ठीक ना? मी म्हणायचे, हो. मुलींनो, त्या ‘हो’ने माझे दोन महिने गेले.

आता खरी गोष्ट. कँटीनमध्ये खिडकीजवळच्या टेबलावर सोमाली मुली बसायच्या. त्यांच्या घरची माणसं टर्कीच्या कारखान्यात कामाला. सगळ्या हिजाबवाल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांच्यातली एक माझ्याकडे आली. ‘तू मुस्लिम आहेस ना? आमच्यात येऊन बस.’ मी थँक्यू म्हणाले आणि गेले नाही. स्वतःला सांगितलं, मी अमेरिकन मुलांना भेटायला आलेय. ते खोटं होतं. गावात त्यांच्याबद्दल काय बोलतात ते माझ्या कानावर आलं होतं, आणि माझ्याबद्दल तसं कुणी बोलू नये एवढीच माझी धडपड होती. माझं डोकं उघडं, इंग्रजी बरं, हातात भारतीय पासपोर्ट. मी सुटू शकत होते.

नोव्हेंबरची निवडणूक आली. आमच्या अंगणात ट्रम्प यांची पाटी होती. ८ तारखेला रात्री उशिरापर्यंत टीव्ही चालू. त्याच रात्री त्याच मिनेसोटात इल्हान ओमर राज्याच्या विधानसभेवर निवडून आल्या. सोमालियात जन्मलेली, केनियातल्या निर्वासित छावणीत वाढलेली बाई. मुसलमान म्हणून अमेरिकन काँग्रेसवर सगळ्यात आधी निवडून गेलेले कीथ एलिसनही मिनेसोटाचेच. २००७ मध्ये त्यांनी शपथ घेतली ती थॉमस जेफरसन यांच्या संग्रहातल्या कुराणावर हात ठेवून. हे सगळं मला नंतर कळलं. त्या रात्री मला फक्त होस्ट बाबांचा चेहरा दिसत होता. सकाळी ते माझ्यासाठी पॅनकेक घेऊन आले आणि म्हणाले, ‘काळजी करू नकोस. हे तुझ्याबद्दल नाहीये. तू त्यांच्यासारखी नाहीस.’

आणि मला बरं वाटलं. खरं सांगते, क्षणभर फार बरं वाटलं.

बसमध्ये बसल्यावर आठवलं की हे वाक्य मी आधी ऐकलंय. पुण्यात, बिल्डिंगच्या जिन्यात, शाळेच्या पालकसभेत. ‘तुम्ही मुसलमान वाटतच नाही! किती छान मराठी बोलता.’ माझी अम्मी मूळची मिरजेची. ती समोर हसायची आणि घरी आल्यावर म्हणायची, ‘मिरजेच्या बाईने मराठी नाही तर काय फारसी बोलायचं?’ अम्मीला जे टोचायचं तेच मी पॅनकेकबरोबर गोड मानून खाल्लं होतं.

तरीही मी लगेच त्या टेबलावर गेले नाही. पुढच्याच आठवड्यात शाळेत मी भारतावर भाषण केलं. भिडेवाडा, १८४८, सावित्रीबाई, सगळं सांगितलं. टाळ्या पडल्या. मी अजून वेगळीच होते.

२७ जानेवारी २०१७ला तो आदेश निघाला. सात देशांच्या नागरिकांना अमेरिकेत प्रवेश बंद. त्यात सोमालिया होता. सोमवारी शाळेत तीच मुलगी लॉकरपाशी भेटली. तिची नानी केनियातून येणार होती, कागदपत्रं व्हायला काही वर्षं लागली होती, आता सगळं थांबलं. ती सांगत होती आणि मधेच तिने विचारलं, ‘तुझा देश आहे का यादीत?’ मी नाही म्हणाले. माझ्या आवाजात सुटका होती. ती तिला ऐकू आली. ती काही बोलली नाही, पुस्तकं उचलून वर्गात गेली.

तीन दिवसांनी मी डबा घेऊन खिडकीजवळ गेले. मिठी वगैरे काही नाही. एकीने विचारलं, ‘आता आलीस?’ आणि दुसरीने दप्तर सरकवून जागा केली. मी दोन आठवडे नुसती ऐकत बसले. कुठल्या ब्रेडमध्ये डुकराची चरबी असते, नमाजासाठी रिकामी खोली कुणाकडे मागायची, कोणत्या सरांना ईदची रजा आधी लेखी द्यावी लागते. सप्टेंबरपासून मी ज्यासाठी एकटी रडत होते ते सगळं त्या टेबलावर मिळत होतं. त्याआधी माझं नाव कानावर आलं की त्या काय म्हणत असतील? मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

मेअखेर रमजान सुरू झाला. तिथे त्या दिवसांत सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, सतरा तासांहून मोठा रोजा. मैत्रिणीच्या घरी इफ्तारला गेले. ताटात सांबूसा. मी ओरडलेच, ‘हा तर समोसा!’ भाताबरोबर केळं खातात, ते मात्र मला जमलं नाही. तिच्या अम्मीला कळलं की मी हिंदुस्थानची, तर तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, ‘अमिताभ!’ मोगादिशूत ती हिंदी सिनेमे बघत मोठी झाली होती. नानी अजून आलेली नव्हती. मी परत निघेपर्यंतही आली नाही.

मला तिथे सोडायला होस्ट बाबा आले होते. मैत्रिणीच्या अब्बांनी त्यांना आत बोलावलं, दोनदा. ते म्हणाले, ठीक आहे, मी इथेच थांबतो. मग तिच्या अम्मीने ताट भरून बाहेर पाठवलं. त्यांनी ट्रकमध्ये बसून सगळं खाल्लं आणि परतताना विचारलं, ‘त्या तिखट हिरव्या चटणीत काय असतं?’ त्यांचं मत बदललं का? मला माहीत नाही. ते मला अजून प्रत्येक ईदला मेसेज करतात, तारीख स्वतः शोधून. अंगणातली पाटी पुढच्या निवडणुकीत परत लागली होती, फोटोत दिसली.

पुण्याला आल्यावर अब्बांनी बसवून घेतलं आणि सगळं विचारलं. कुत्रा, हॅम, रोजे, कोण कोण भेटलं. मी ट्रकमधल्या ताटापर्यंत आले तेव्हा ते म्हणाले, ‘आपल्या जिन्यातल्या लोकांना आपण कधी ताट पाठवलं नाही का?’ पाठवलं होतं अब्बा, दर ईदला. रिकामं ताट जिन्यातच परत मिळायचं.

बरं, अर्ज, मुलाखत, व्हिसा आणि परत आल्यावरची दोन वर्षं भारतातच राहण्याची अट, याबद्दल प्रश्न असतील ते आता विचारा. मागच्या रांगेपासून सुरू करूया.