दलाल आपल्याच गणवेशात

जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतून आलेल्या अधिसेविका, परिसेविका, अधिपरिचारिका, आरोग्यसेविका, पाठ्यनिर्देशिका, आणि खुर्च्या संपल्यामुळे मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या विद्यार्थिनींनो,

मे महिन्यात गोंदियात भरदुपारी संमेलन भरवायला धाडस लागते. ते दाखवणाऱ्या संयोजकांचे आभार आणि सकाळपासून कूलरमध्ये पाणी ओतणाऱ्या मुलांचे दुप्पट आभार. निवृत्त बाईला अध्यक्ष केलेत, हा तुमचा मोठेपणा.

अध्यक्षाने जिल्ह्यातील परिचर्येचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. घेते. १ मे १९९९ रोजी आपण भंडाऱ्यापासून वेगळे झालो. बाई गंगाबाई महिला रुग्णालय होते, केटीएस रुग्णालय होते, २०१६ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय आले. खाटा वाढल्या, नर्सिंगच्या खासगी शाळा वाढल्या. कंत्राटी मुली मात्र कंत्राटीच राहिल्या. सालेकसा-देवरीकडच्या उपकेंद्रांवर एकट्या एएनएमने काढलेल्या रात्रींचा हिशेब कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही. आढावा झाला. आता ज्यासाठी मी हे अध्यक्षपद स्वीकारले, ते बोलते.

सकाळच्या परिसंवादाचा विषय होता : परदेशी जायचे तर एजन्सीमार्फत जावे की स्वतः? एका भगिनीने एजन्सी म्हणजे दलाली, असे सांगून टाळ्या घेतल्या. दुसरीने एजन्सीशिवाय पासपोर्टपलीकडे पाऊल पडत नाही, असे सांगून तितक्याच टाळ्या घेतल्या. दोघी माझ्या हाताखाली काम केलेल्या आहेत, म्हणून हक्काने सांगते : वाद चांगला रंगला, पण एजन्सीचे पैसे कोण भरतो, हे दोघींपैकी एकीनेही विचारले नाही. माझ्या मते सगळे तिथेच ठरते.

माझ्या वॉर्डात अर्जुनी-मोरगावकडची एक मुलगी होती. जीएनएम झालेली, हाताला चपळ, इंग्रजीला घाबरणारी. तिने इंग्लंडचे मनावर घेतले. तिथल्या नर्सिंग कौन्सिलला आयईएलटीएसमध्ये वाचन, श्रवण आणि बोलण्यात ७ गुण लागतात, लेखनात ६.५. नाइट ड्युटीवर औषधांची ट्रॉली आवरून झाली की ती निबंध लिहायची आणि सकाळी मला दाखवायची. मला त्यातले फारसे कळायचे नाही, तरी लाल पेनने काहीतरी खूण करायची. गुण आले, संगणकावरची परीक्षा झाली, तिथल्या सरकारी रुग्णालयाने व्हिडिओवर मुलाखत घेतली. मध्ये एजन्सी होती, दूर केरळातली. तिने या मुलीकडून एक रुपया घेतला नाही. नोकरी मिळवून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घ्यायला ब्रिटनचा १९७३ चा कायदा मनाई करतो. एजन्सीची फी रुग्णालय भरते, आणि या रुग्णालयाने व्हिसाची फी नि विमानाचे भाडेही भरले.

तिचे वडील मला भेटायला आले. धानाचे चुकारे नुकतेच हातात आलेले, पिशवीत पैसे घेऊनच आले होते. म्हणाले, ‘मॅडम, पैसे कवा भराचे?’ भरायचे नाहीत, म्हटले तर चेहरा पडला. ‘फुकटात कोनी विलायतेला नेते का जी? फसवतील पोरीला.’

हे मी विसरले नाही. आपल्याकडे पैसे मागणारा खरा वाटतो आणि न मागणारा लबाड वाटतो. दलालाचा सगळा धंदा यावर चालतो.

दुसरी मुलगी आमगावची. तिच्या बाबतीत एजन्सी नव्हतीच, एक ‘सर’ होते. ऑफिस नाही, पाटी नाही, परवाना नाही, एक व्हॉट्सॲप नंबर. फेब्रुवारी २०२२ पासून ब्रिटनने केअर वर्करसाठी व्हिसाचे दार उघडले होते आणि सरांनी तेच दार नर्सची नोकरी म्हणून विकले. वृद्धांना अंघोळ घालणे, जेवण भरवणे हे काम हलके नाही, पण त्यासाठी नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागत नाही आणि त्याने ती मिळतही नाही. बापाने दोन बांध्या गहाण टाकल्या. तिथे उतरल्यावर कंपनीकडे आठवड्याला काही तासांचेही काम नव्हते. पुढे कंपनीचा परवाना गेला. अशा वेळी नवा मालक शोधायला ६० दिवस मिळतात. ती मला पहाटे फोन करायची. बोलणे थोडे व्हायचे, रडणे जास्त. ते दार ब्रिटनने २२ जुलै २०२५ रोजी बाहेरच्यांसाठी बंद केले, तरी त्या नावाने अजून कुणी पैसे मागत असेल, तर मला नवल वाटणार नाही.

कायदा काय सांगतो तेही ऐका, कारण मागच्या मुलींना ते कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली भरती करणाऱ्या एजंटला केंद्राचा परवाना लागतो. परवाना क्रमांक ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर कुणालाही पाहता येतो. एजंटने उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घ्यावा, तोही पावती देऊन. सब-एजंट नावाचा प्राणी कायद्याला मान्य नाही. आखातासह १८ देशांत जाणाऱ्या परिचारिकांवर २०१५ पासून वेगळे बंधन आहे. त्यांना आधी मंजुरी लागते, आणि सुरुवातीला भरती फक्त सरकारी संस्थांकडे दिली होती. हे बंधन का आले? त्याच वर्षी कोचीत कुवेतच्या भरतीचे प्रकरण उघडकीस आले. जिथे १९,५०० रुपये घ्यायचे, तिथे एकेका मुलीकडून १९ लाख ५० हजार घेतल्याचा आरोप होता. त्याच्या आदल्या वर्षी इराकमधल्या तिक्रितच्या रुग्णालयात ४६ भारतीय परिचारिका अडकल्या होत्या. बाहेर गोळीबार चालू असतानाही काही जणींना परतायची भीती वाटत होती, कारण घरी कर्ज उभे होते.

अमेरिकेचे थोडक्यात. ‘दीड वर्षात अमेरिका’ असे कुणी म्हणाले की उठून या. तिथे परिचारिका ज्या ईबी-३ या व्हिसाच्या वर्गात जातात, त्यातली भारतीयांची रांग दहा वर्षांहून लांब आहे. एनक्लेक्स ही तिथली परवान्याची परीक्षा पास झाल्याने रांग हलत नाही. आणि करारावर सही करण्याआधी दंडाचे कलम वाचा. न्यूयॉर्कमध्ये फिलिपिनो परिचारिकांना नोकरी सोडल्यास २५,००० डॉलर दंडाची अट घातली होती. त्या कोर्टात गेल्या आणि २०१९ मध्ये न्यायाधीशांनी ती अट बेकायदा ठरवली. फिलिपिनो मुली लढतात, कारण त्यांच्यामागे त्यांच्या वडीलधाऱ्या परिचारिका उभ्या राहतात.

आता आमच्या वडीलधाऱ्यांचे सांगते. यासाठीच इतकी वर्षे थांबले.

दलाल मुंबई-दिल्लीत बसतो असे आपण म्हणतो. तो आपल्या चहाच्या टेबलावर बसतो. मी नोकरीत असताना एक गृहस्थ ड्युटी रूममध्ये आले. मिठाईचा डबा, त्याखाली पाकीट. म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही फक्त नाव सुचवा, पर कँडिडेट तुमचे ठरलेले.’ डबा परत घ्यायला लावला तर ते खरोखरच गोंधळले. ‘बाकीच्या मॅडम तर घेतात,’ म्हणाले, आणि एकामागून एक नावे सांगितली. त्यातल्या काही या सभागृहात आहेत. घाबरू नका, नावे घेणार नाही. मी वय पाहून बोलते, पण विसरभोळी नाही.

मुलगी ‘सर’वर विश्वास का ठेवते? त्याचा नंबर तिला तिच्या मॅडमने दिलेला असतो म्हणून. ज्या बाईने तिला पहिल्यांदा कॅथेटर टाकायला शिकवले, ती सांगते, ‘माझ्या ओळखीचे आहेत, जा.’ बाप जमीन गहाण टाकतो तो सरांच्या भरवशावर नाही, तुमच्या भरवशावर.

दुसरी गोष्ट याहून वाईट. एका मुलीने एजन्सी न घेता दुबईचे सगळे स्वतः केले. प्रोमेट्रिकच्या परीक्षेचा अभ्यास केला, परीक्षा दिली. डेटाफ्लोच्या पडताळणीसाठी मूळ गुणपत्रके हवी होती. ती गुणपत्रके तिच्या नर्सिंग शाळेच्या स्टीलच्या कपाटात, नाडीने बांधलेल्या फाईलमध्ये. सोबत गेले, म्हणून स्वतः पाहिले. मुलीचे नाव स्केचपेनने लिहिलेले, फाईल डोळ्यांसमोर, कपाट उघडे. कारकून म्हणाला, बाँडचे पन्नास हजार भरा आणि न्या. हेच कागद एजंटमार्फत मागितले असते तर दोन दिवसांत सुटले असते, असेही त्यानेच कानात सांगितले. स्वतः जाणारीची वाट अडवायची, म्हणजे ती आपसूक एजंटकडे वळते. सकाळच्या माझ्या दोन भगिनींना हे कपाट दाखवायला हवे होते.

कुणी म्हणेल, बाईंना मुली देशाबाहेर जाव्यात असे वाटते. आधी इथला पगार पाहा. सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये सांगितले की, अगदी लहान खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना किमान २०,००० रुपये मिळावेत. आपल्या शहरात दहा-बारा हजारांवर दुहेरी पाळी करणाऱ्या मुली मला रोज भेटतात. त्यांनी जावे की राहावे, हे सांगणारी मी कोण? त्यांनी ठरवावे. ठरवताना त्यांना लुटू नये, इतकेच माझे मागणे.

केरळला ओडेपेक ही परदेशी भरतीची सरकारी संस्था १९७७ पासून आहे, पुढे नोर्का रूट्स आली. जर्मनीच्या सरकारी कार्यक्रमात तिथल्या मुली भाषा शिकून, भरतीची फी न देता जातात. आपल्या राज्य सरकारनेही फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी करार केला. १० हजार कुशल माणसे पाठवायची, त्यांत परिचारिकाही. करार चांगला आहे. पण गोंदियातल्या मुलीला जर्मन कोण शिकवणार? आमच्या मुली घरी पोवारी बोलतात, बाजारात हिंदी, परीक्षेत इंग्रजी. चौथी भाषाही शिकतील, वर्ग तेवढा काढा.

संमेलनाने काय करावे, असे विचाराल. जिल्ह्यात एक मदत कक्ष असावा. कुठे, कोण चालवणार, खर्च कुणाचा, ते कार्यकारिणीने बसून पाहावे. परदेशातल्या आपल्या मुलींचे फोन नंबर एका वहीत यावेत, म्हणजे नव्या मुलीला पाकीट न घेणारी कुणीतरी विचारायला मिळेल. अर्जुनी-मोरगावची ती मुलगी आठवड्यातून एक तास द्यायला तयार आहे, मी बोलले आहे तिच्याशी. बाकीचे तुम्ही ठरवा. माझ्याकडे आराखडा नाही, राग आहे.

मागच्या मुलींनो, मॅडमने नंबर दिला तरी परवाना क्रमांक विचारा, मग ती मॅडम मी का असेना. पैसे मागितले तर पावती मागा. व्हिजिट व्हिसावर नोकरीला जाऊ नका. करार मराठीतून समजावून घेतल्याशिवाय सही करू नका, आणि सही केलेली प्रत घरी ठेवा.

आणि पुढच्या रांगेतल्या प्राचार्य, पाठ्यनिर्देशिका, संस्थाचालक, तुमच्याकडे एकच मागते. ज्यांच्या कपाटात मुलींची मूळ प्रमाणपत्रे आहेत, त्यांनी ती येत्या सोमवारी परत करावीत. पोच घ्या हवी तर. फी घेऊ नका.