वालेनस्टाइन : तीन नाटके आणि एक प्रश्न



मनात आलेला विचार आणि हातून घडलेली कृती यांमध्ये नेमकी रेषा कोठे असते? आज ज्या नाट्यत्रयीविषयी बोलावयाचे आहे, तिच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

जर्मन कवी फ्रीड्रिख शिलर हा येना येथे इतिहासाचा प्राध्यापक होता. १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धाचा इतिहास त्याने प्रथम लिहिला, आणि त्यातल्या एका पुरुषाने त्याला पुढे झपाटून टाकले. तो म्हणजे बादशहा दुसरा फर्डिनांड याचा सेनापती वालेनस्टाइन. १६३० मध्ये बादशहाने त्याला दूर केले. स्वीडनचा राजा चालून येताच पुन्हा पाचारण केले. आणि २५ फेब्रुवारी १६३४ च्या रात्री एगर गावी बादशहाच्याच पक्षाच्या माणसांनी त्याचा खून केला.

एवढा विषय एका नाटकात मावेना, म्हणून त्याची तीन नाटके झाली. १७९८ च्या ऑक्टोबरात वायमारच्या रंगभूमीवर 'वालेनस्टाइनची छावणी' आले. १७९९ मध्ये 'पिकोलोमिनी' आणि 'वालेनस्टाइनचा मृत्यू' ही दोन आली. प्रयोगांमागे गटेचा हात होता.

पहिल्या नाटकात वालेनस्टाइन रंगमंचावर येतच नाही! दिसतात ते शिपाई, दारू विकणारी बाई, खोटे फासे घेऊन शिपायांना लुबाडू पाहणारा नागवलेला शेतकरी. प्रत्येकाच्या तोंडी मात्र सेनापतीचेच नाव. त्याचे बळ कशात आहे आणि त्याचा तोल कोणत्या मोहाने जाणार आहे, हे शिलरने असे आधीच दाखवून ठेवले.

पुढे नायक येतो, तो ग्रह पाहत बसलेला. शत्रूशी तो गुप्त बोलणी करतो; पण मी अजून काहीच केलेले नाही, मला मागे फिरता येईल, अशी स्वतःची समजूत घालतो. मग त्याचा निरोप्या बादशहाच्या माणसांच्या हाती सापडतो. ज्या विचाराशी तो नुसता खेळत होता, तो आता त्याच्याविरुद्ध पुरावा होऊन उभा राहतो. बंड करण्यावाचून वाटच उरत नाही.

मग दोष त्याचा एकट्याचाच काय? त्याचा विश्वासू मित्र ओक्टावियो पिकोलोमिनी बादशहाशी इमान राखतो खरा, पण मित्राचा मुखवटा चढवून. त्याचा मुलगा माक्स या दोघांच्या मध्ये चिरडला जातो. बापाचे कपट त्याला सोसवत नाही, सेनापतीचा द्रोह पटत नाही. वालेनस्टाइनच्या कन्येवरील प्रेमही त्याला वाचवू शकत नाही. शेवटी तो स्वीडिश सैन्यावर तुटून पडतो आणि मरण पत्करतो.

त्रयीचा शेवट तर अंगावर काटा आणणारा आहे. सेनापती मारला गेला आहे. ओक्टावियोच्या हाती बादशहाचा लखोटा येतो. त्यावर त्याच्या नावामागे नवी, थोर पदवी आहे. परंतु ती पदवी ज्याने पुढे चालवावयाची, तो मुलगा आता या जगात नाही.

श्रोतेहो, शिलर येथे कोणालाही शिक्षा सुनावत नाही. तो एवढेच दाखवतो की, दोन्ही दारे उघडी ठेवू पाहणाऱ्या माणसाच्या पाठीमागे एक दार नकळत लागून जाते; आणि इमान राखण्यासाठी कपटाचा आधार घेतला, तर त्याची किंमत घरातूनच चुकवावी लागते. आपल्याकडे ही वेळ लष्करी छावणीत येणार नाही, कचेरीत वा घरात येईल. तेव्हा हा सेनापती आठवावा, एवढीच विनंती.