पैसा मालकाला, घाम कुळाला
(शेतकरी मंडळींपुढें एका शिक्षकानें दिलेलें व्याख्यान)



सरकार शेतकऱ्याला पैसा देतें असें ऐकलें कीं आपण खूष होतों. पण आधीं विचारावें, शेतकरी म्हणजे कोण? ज्याच्या नांवावर जमीन तो, कीं जो तिच्यांत राबतो तो? या एका प्रश्नापायीं अमेरिकेंत कुटुंबेंच्या कुटुंबें उघड्यावर पडलीं. ती हकीकत ऐका.

1933 सालीं तेथें कापसाचा भाव पार पडला होता. तेव्हां रूझवेल्ट सरकारनें कायदा केला कीं, शेतकऱ्यानें कापूस कमी पेरावा, सरकार भरपाई देईल. त्यासाठीं गिरण्यांवर कर बसविला. त्या वर्षीं सुमारें 1 कोटी एकर उभा कापूस नांगरून टाकला.

आतां आर्कान्सा प्रांतांतील पॉइन्सेट काउंटी पहा. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा कारभाराचा भाग. तेथें जमीन मोठ्या मळेवाल्यांची. राबणारे अर्धेलीचे वाटेकरी, गोरे आणि काळेहि. अर्धें पीक मालक नेई, उरलेल्या अर्ध्यांतून उधारी वळती करी.

सरकारी पैशाचा हिशेब शाळेंतल्या पोराला सुटेल असा आहे. 1934 च्या करारांत दर पौंडामागें साडेचार सेंट भरपाई होती. साडेतीन सेंट जमिनीचा खंड म्हणून सगळे मालकाला. उरलेला एक सेंट दोघांत अर्धा अर्धा. म्हणजे नऊ हिश्शांतले आठ मालकाला, एक वाटेकऱ्याला, आणि तोहि मालकाच्या हातून! तक्रार करावी तर काउंटीच्या समितींत बहुधा मळेवालेच. कुंपणानेंच शेत खाल्लें तर दाद कोठें मागावी?

करारांत लिहिलें होतें कीं, शक्य तोंवर कुळें कमी करूं नयेत. पण जमीन पड टाकायची, तर माणसें कशाला ठेवावीं? मालकांनीं तीं उठविलीं.

1934 च्या जुलैंत टायरोन्झा गांवाजवळच्या एका शाळेंत 18 माणसें जमलीं, 11 गोरीं व 7 काळीं. संघ दोन काढावे कीं एक, असा प्रश्न निघाला. एकच काढावा असें ठरलें. त्यांच्या वांट्याला मार आला, तुरुंग आला. पण संघ मोडला नाहीं. 1935 सालीं शेतीखात्यांतील जे वकील कुळांची बाजू घेत होते, त्यांनाच नोकरींतून काढलें! 1936 सालीं वरिष्ठ कोर्टानें तो कायदा रद्द केला. पुढें कुळाला थेट पैसा मिळूं लागला, तेव्हां पुष्कळ मालकांनीं कुळाचा रोजमजूर केला. मजुराला वांटा द्यावा लागत नाहीं!

आतां आपल्याकडे पहा. 2019 सालीं केंद्र सरकारनें पीएम-किसान योजना आणली: वर्षाला 6000 रुपये, 2000 चे तीन हप्ते. पैसा थेट खात्यांत येतो, हें चांगलेंच. पण जमिनीच्या कागदावर नांव असेल त्याला. बटईनें दुसऱ्याचें रान कसणाऱ्याला कांहीं नाहीं, शेतमजुराला नाहीं, आणि जन्मभर खुरपें चालविणाऱ्या ज्या बाईचें नांव सातबाऱ्यावर नाहीं, तिलाहि नाहीं.

लहान मालकाचे 6000 काढून घ्या, असें मी म्हणत नाहीं. कसणाऱ्यालाहि द्या, एवढेंच म्हणतों. त्यासाठीं सातबारा स्वतः वाचायला शिका, घरच्या बाईचें नांव त्यावर लावा, बटईचा करार लिहून घ्या, आणि ग्रामसभेंत जातपात विसरून एका तोंडानें बोला. पैसा कागदाच्या वाटेनें चालतो. त्या वाटेवर आपलें नांव नसेल, तर तो आपल्या दारावरून पुढें जाईल.