वाटेत तक्रार कधी करायची?
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



पुढच्या वर्षी आपल्या तुकडीने पैठणहून नाथांच्या पालखीसोबत पंढरपूरला चालत जायचं, असं आज सकाळी चहाच्या वेळी ठरलं. सोबत कुणाचे यजमान, कुणाची मंडळी, कुणाचे ऑफिसातले सहकारीही येणार आहेत. मी काही वर्षं दिंडीत चाललो आहे, म्हणून ‘दोन शब्द सांग’ असा हुकूम झाला. पायाच्या फोडांवर आपले डॉक्टर मित्र बोलतीलच. मी माणसांवर बोलतो.

अंगारकीला राजूरच्या गणपतीला पायी जाणं वेगळं. तिथं रात्री आपलं घर असतं. नाथांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते, म्हणजे अठरा-एकोणीस दिवस. तिसऱ्या रात्री कोण घोरतं ते कळतं. सहाव्या दिवशी, पाण्याचा ड्रम रिकामा करून कोण नुसताच निघून जातो, तेही कळतं.

नवख्या माणसांचं दिंडीत सहसा निभतं. तो विचारून पाणी घेतो, सांगितलेलं काम करतो. अवघड जातं ते जुन्या मित्रांचं, कारण मित्र गृहीत धरतो. वर्गात मॉनिटर असलेला पन्नाशीतही मॉनिटरच राहतो आणि तेव्हा ज्याच्याकडून दप्तरं उचलून घेतली, आजही पिशवी त्याच्याच हातात जाते. एका वर्षी आम्ही सहा मित्र होतो. सातव्या दिवशी त्यातला एक जण एसटी धरून घरी गेला. भांडण झालं नव्हतं. बोलायचं कुठं आणि कधी, हेच त्याला कळलं नाही. तो पुन्हा आला नाही, आणि आता फोनवरही तुटक बोलतो.

ही सोय आळंदीच्या माउलींच्या सोहळ्यात फार पूर्वीपासून आहे. हैबतबाबा आरफळकरांनी तो सोहळा बांधला. ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते, त्यामुळे लष्करातली शिस्त त्यात उतरली. मुक्कामी समाजआरतीला सगळ्या दिंड्या जमतात. चोपदाराने चोप उंचावला की हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिथं जातो, ऐकून घेतो, निवाडा होतो. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारतात, उद्या निघायची वेळ सांगतात आणि आरती होते. मला यातलं सर्वांत आवडतं ते हे, की तक्रार करणारा वाईट ठरत नाही. त्याची वेळच ठरलेली असते.

दिंडीत सगळं गोडच होतं असंही नाही. इरावती कर्वे वारीला गेल्या होत्या. त्यांच्या ‘वाटचाल’ या लेखात आहे की माणसं अभंग एकत्र म्हणत, पण जेवायला जातीप्रमाणे वेगळी बसत. ते त्यांना फार लागलं. आता तसं उघडपणे क्वचितच दिसतं. पण मधल्या सुट्टीत आपले डबे कुठं कुठं उघडायचे, ते आठवून बघा. ज्यांना नाही आठवत, त्यांनी शेजारच्याला विचारा. त्याला नक्की आठवत असेल. आज हॉलमध्येही खुर्च्या थोड्याफार तशाच लागल्या आहेत. गुरुजी, तुम्ही हसताय, म्हणजे तुम्हाला तेव्हाही दिसत होतं.

म्हणून माझं मागणं एवढंच. रोज संध्याकाळी आरतीनंतर आपण पंधरा मिनिटं बसायचं आणि ज्याला काही खुपतंय त्याने सांगायचं. मधे कुणी बोलायचं नाही, ‘अरे सोड ना यार’ तर अजिबात नाही. स्वयंपाक, भांडी, सामानाचा टेम्पो यांच्या पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरवायच्या आणि जोडीदार रोज बदलायचा. विणेकऱ्याकडे बघा. वीणा खाली ठेवायची नसते. थकला की तो दुसऱ्याच्या गळ्यात देतो आणि दोघं एकमेकांच्या पाया पडतात. देणारा कमी ठरत नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी टेम्पोत बसावं, त्यावर कुणी विनोद करायचा नाही.

चिठ्ठ्या मी आणल्या आहेत. नावं लिहून द्या, पहिल्या दिवशीची भांडी कुणाकडे ते जेवणाआधीच काढू.