परसातले चोर आणि छर्‍याची बंदूक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, कोकणात ज्याच्या घरामागे चार माड आणि दोन पपया आहेत, त्याला शत्रू शोधायला बाहेर जावे लागत नाही. नारळ कोवळा असतानाच उंदीर त्याला भोक पाडतो. पेरू पिकण्याआधी पोपटांचा थवा हजर. शेवग्याचा पाला वानरे ओरबाडतात, तर वाफे घूस उकरते. वर्षभर पाणी घालायचे आपण आणि पहिला घास दुसर्‍याचा! राग येतो आणि तो खोटा नसतो.

या रागातूनच शेजारच्या एका तरुणाने मला विचारले, "काका, छर्‍याची बंदूक आणू का? लायसन लागत नाही म्हणतात." त्याला जे सांगितले, तेच आज आपल्यापुढे मांडतो.

लायसनचे म्हणणे अर्धे खरे आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ०.१७७ इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटर व्यासापर्यंतची आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेची हवेची बंदूक परवान्याशिवाय बाळगता येते. पण बंदूक बाळगण्याची मुभा वेगळी आणि तिने जीव मारण्याची वेगळी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे फक्त ठार मारणे नव्हे. जखमी करणे, मारण्याचा प्रयत्न करणे हीसुद्धा शिकारच. पोपट, मोर, वानर या सगळ्यांना त्याचे संरक्षण आहे. ते आपल्या परसात उतरले म्हणून आपले होत नाहीत. पूर्वी कावळा, उंदीर आणि फळे खाणारी वटवाघळे 'उपद्रवी' म्हणून पाचव्या परिशिष्टात होती. २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच गेले. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तेव्हा जुन्या ऐकीव माहितीवर कुणी नेम धरू नये.

मग उरतात घरचे उंदीर आणि घुशी. त्यांच्यासाठी तरी बंदूक कामाची आहे का? उंदीर वावरतो रात्री आणि राहतो माडाच्या शेंड्यात. त्याची मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्ले देते. आपण जागून एक टिपला, तरी त्याची जागा भरायला कितीसा वेळ लागणार?

शिवाय ही बंदूक खेळणे नव्हे. नळी मोडून आतली स्प्रिंग दाबायची. घोडा ओढला की दट्ट्या सुटतो आणि कोंडलेली हवा छर्‍याला ढकलते. छर्रा शिशाचा, जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा. पण २० ज्यूलचा हिशेब मांडला तर त्याचा वेग ताशी हजार किलोमीटरच्या घरात जातो. आपल्याकडे दोन घरांमध्ये कमरेएवढा चिर्‍याचा गडगा असतो आणि पलीकडे पोरे खेळत असतात. चिर्‍यावर आपटलेला छर्रा कुठे उडेल, हे नेमबाजालाही सांगता येत नाही. एखाद्याचा डोळा गेला तर नारळाच्या हिशेबात तो कुठे मांडायचा? छर्रा लागलेले वानरही बहुधा जागेवर मरत नाही. शिसे अंगात घेऊन जाते आणि जखम चिघळत कुठेतरी पडून राहते.

साधे उपाय जास्त चालतात. माडाच्या खोडाला जमिनीपासून दोन मीटरवर सुमारे चाळीस सेंटिमीटर रुंद पत्र्याची गुळगुळीत पट्टी गुंडाळावी. उंदराचे पाय तिच्यावर टिकत नाहीत. मात्र शेजारच्या झाडाची फांदी किंवा झावळी त्या माडाला टेकता कामा नये, नाहीतर तो वरच्या वाटेने येतो. शेंडा साफ ठेवावा, खाली पडलेली फळे रोज उचलावीत. घुशीला सापळा लावावा, पेरूला पिशवी बांधावी. गव्हाणी घुबड परसात येत असेल तर अपशकुनी म्हणून त्याला हाकलू नये. तो आपला बिनपगारी रखवालदार आहे.

वानरांवर मात्र रामबाण इलाज नाही, हे कबूल करावे लागते. वाडीने मिळून राखण करावी, नुकसानीची नोंद करून वन विभागाकडे दाद मागावी.

अरुणाचल प्रदेशात शिकारीसाठी घरोघर हवेच्या बंदुका होत्या. तिथे मार्च २०२१ मध्ये त्या स्वेच्छेने जमा करण्याची मोहीम लुमडुंग गावातून सुरू झाली आणि लोकांनी हजाराहून अधिक बंदुका आणून दिल्या. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय त्यांना सोडता आली.

ज्याला नेमबाजीची हौस आहे, त्याने ती जरूर भागवावी. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राने दहा मीटर एअर रायफलमध्येच सुवर्णपदक मिळवले आणि त्याच्यासमोर होते ते निर्जीव लक्ष्य. हात तिथे स्थिर करावा. परसात मात्र पत्रा, पिशवी आणि थोडा धीर यांवर भागवावे.