यंत्रमानव वैरी कां होतो ?

विज्ञानकथा वाचणाऱ्याला एक गोष्ट हटकून आढळते. कोणी शास्त्रज्ञ अहोरात्र खपून यंत्रमानव घडवितो, कळ दाबतो, यंत्रमानव डोळे उघडतो, आणि थोड्याच पानांनंतर तो आपल्या कर्त्यावरच उलटतो. कर्ता बहुधा सज्जन असतो, त्याचा हेतुहि परोपकाराचा असतो. तरी परिणाम एकच. एखाद्याच कथेंत असें घडतें तर तो त्या लेखकाचा छंद म्हणतां आला असता. पण दोनशें वर्षें निरनिराळ्या देशांतले लेखक हेंच कथानक पुनःपुन्हां रचीत आले आहेत. तेव्हां त्याच्या मुळाशीं माणसाच्या मनांतलेंच कांहीं तरी असलें पाहिजे. त्या मुळाचा थोडा शोध आज घ्यावयाचा आहे.

पहिलें उत्तर अगदीं सरळ आहे. निमूटपणें दळण दळणाऱ्या जात्यावर कादंबरी होत नाहीं. विरोध नसेल तर कथा नाहीं, आणि कथा नसेल तर वाचक नाहीं. हें खरें, पण एवढ्यानें भागत नाहीं. विरोध दाखवावयाचा तर चोर आहेत, पूर आहेत, रोगाच्या साथी आहेत. आपल्याच हातानें घडविलेल्या वस्तूनेंच वैरी कां व्हावें, हा प्रश्न उरतोच.

शिवाय यंत्रपुरुष वैरी झालाच पाहिजे, असा कांहीं कथेचा नियम नाहीं. अकराव्या शतकांत काश्मीरच्या सोमदेवानें ‘कथासरित्सागर’ रचला. त्यांत राज्यधर नांवाच्या सुताराची कथा आहे. त्याच्या नगरांत सारी वस्ती लांकडी यंत्रमानवांची. तीं माणसें हिंडतात, फिरतात, सेवा करतात, आणि कोणी उलटत नाहीं. ह्या राज्यधराचा भाऊ प्राणधर. पैशाची चणचण पडली तेव्हां त्यानें दोरीवर चालणारे लांकडी हंस केले आणि त्यांच्या चोंचींनीं राजाच्या खजिन्यांतलीं रत्नें पळविलीं. येथें ध्यानांत घ्यावयाचें तें हें कीं, चोरी हंसांनीं केली असें त्या कथेंत कोणी म्हणत नाहीं. दोरी ज्याच्या हातीं, चोरी त्याची. पुढच्या काळांत ही दोरी दिसेनाशी झाली, आणि मग माणूस यंत्राला दोष देऊं लागला.

दोरी तुटल्यावर काय होतें, तें दाखविणारी पहिली मोठी पाश्चात्त्य कादंबरी मेरी शेली ह्या तरुण इंग्रज लेखिकेनें १८१८ सालीं प्रसिद्ध केली. तिचें नांव ‘फ्रँकेन्स्टाइन’. पुष्कळांचा समज असा कीं, हें त्या राक्षसाचें नांव. पण तें नांव आहे त्याला घडविणाऱ्या तरुणाचें. घडविलेल्या प्राण्याला तर नांवच नाहीं, आणि साऱ्या कथेचें मर्म मला ह्यांतच दिसतें. त्या प्राण्यानें डोळे उघडतांच कर्ता भिऊन पळून गेला. त्याला नांव देणारा, बोलावयास शिकविणारा कोणी उरला नाहीं. एका झोंपडीबाहेर लपून, आंतल्या माणसांचें बोलणें ऐकून तो भाषा शिकला. तो जन्मतः दुष्ट नव्हता; अव्हेरलेला होता.

माझें सारें आयुष्य मुलें शिकविण्यांत गेलें, म्हणून ह्या ठिकाणीं मी जरा अधिक थांबतों. मूल जन्मतः दुर्बळ असतें, ही निसर्गाची मोठी कृपा आहे. दोन वर्षांचें पोर रागावलें म्हणजे हातांतलें खेळणें आईवर फेंकतें. त्याच्या अंगीं त्या वेळीं बैलाचें बळ असतें तर? माणसाची शक्ति आणि समज हीं दोन्ही हातांत हात घालून वाढतात, त्याला पंधरा-वीस वर्षें लागतात, आणि तेवढ्या अवधींत आई, शेजार, शाळा ह्यांना आपलें काम करण्यास सवड मिळते. कथेंतल्या यंत्रमानवाला बालपणच नसतें. पहिल्याच दिवशीं त्याच्या अंगीं शंभरांचें बळ असतें आणि समज मात्र त्या दोन वर्षांच्या पोराची. अशा प्राण्याच्या हातून अनर्थ घडण्यासाठीं त्यानें दुष्टच असावें लागतें असें नाहीं.

दुसरें मूळ श्रमाच्या प्रश्नांत आहे. ‘रोबो’ हा शब्द झेक नाटककार कारेल चापेक ह्यानें ‘आर. यू. आर.’ ह्या नाटकानें जगाला दिला. हें नाटक १९२१ च्या जानेवारींत प्राग येथें रंगभूमीवर आलें. शब्द सुचविला तो त्याचा भाऊ योसेफ ह्यानें. झेक भाषेंत ‘रोबोटा’ म्हणजे जमीनदाराच्या शेतावर सक्तीनें करावयाचें काम. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर वेठ. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यांत ही वेठ १८४८ सालीं बंद झाली. आपल्या देशांत वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ सालीं झाला. मराठींत आपण रोबोला ‘यंत्रमानव’ असें भारदस्त नांव दिलें आणि मूळ शब्दांतली कळ बोथट केली. ‘वेठ्या’ म्हटलें असतें तर हा प्राणी कां बंड करतो, हें विचारावेंच लागलें नसतें.

चापेकच्या नाटकांतले रोबो लोखंडाचे नाहींत. ते कृत्रिम मांसाचे आहेत. त्यांना वेदना होत नाहींत म्हणून ते स्वतःची मोडतोड करून घेतात; तेव्हां कारखान्याचा तोटा टळावा म्हणून त्यांना वेदना देण्याची योजना निघते. केवढा हा हिशेब ! पुढें बंड होतें, सारी मनुष्यजात मारली जाते, आणि एकच मनुष्य वांचतो. कां ? तर तो रोबोंप्रमाणेंच आपल्या हातांनीं काम करतो म्हणून. आमच्या खानदेशांत आखाजीला सालदार ठरविण्याची रीत आहे. सालदाराला बोली असते, मुदत असते, पटलें नाहीं तर दुसऱ्या वर्षीं दुसरें घर धरण्याची मोकळीक असते. बैलालासुद्धां पोळ्याचा एक दिवस मिळतो, त्या दिवशीं त्याच्या मानेवर जूं ठेवीत नाहींत. ज्याला बोली नाहीं, मुदत नाहीं आणि पोळाहि नाहीं, असा गडी राबविणाऱ्याला रात्रीं स्वस्थ झोंप कशी लागावी ? विज्ञानकथेंतलें भय पुष्कळ अंशीं ह्या धन्याचें भय आहे. आपण दुसऱ्याशीं जसें वागलों तसें तो आपल्याशीं वागेल, ही जाणीव त्याला छळते.

तिसरें मूळ आज्ञेंत आहे. आयझॅक असिमोव्ह ह्या अमेरिकन लेखकाला यंत्रमानवांच्या बंडाच्या कथांचा कंटाळा आला होता. १९४२ सालच्या एका कथेंत त्यानें तीन प्रसिद्ध नियम मांडले: यंत्रमानवानें माणसाला इजा करूं नये, माणसाची आज्ञा पाळावी आणि स्वतःला जपावें. पण त्याच कथेंत, बुध ग्रहावर, आज्ञा आणि आत्मरक्षण ह्यांचें बळ सारखें झाल्यामुळें बिचारा यंत्रमानव एका तळ्याभोंवतीं नुसता फिरत राहतो. २०१० सालीं निघालेला रजनीकांतचा ‘एंधिरन’ हा तामिळ चित्रपट, जो हिंदींत ‘रोबोट’ ह्या नांवानें आला, तो आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. त्यांतला यंत्रमानव आगींतून माणसें सोडवितो. स्नान करीत असलेल्या मुलीलाहि तो तशाच स्थितींत चारचौघांसमोर आणून उभी करतो. ती लाजेनें धांवत सुटते आणि वाहनाखालीं सांपडून मरते. आज्ञा अक्षरशः पाळली गेली, आणि मुलगी गेली. भस्मासुराची कथा हेंच सांगते. वर नेमका मागितला होता, वर नेमका दिला; मोकळ्या ठेवलेल्या जागेंतून संकट आलें.

मराठींत ह्या विषयाचा गंभीर विचार डॉ. जयंत नारळीकर ह्यांनीं केला. १९३८ सालीं कोल्हापुरास जन्मलेले आणि २०२५ सालीं पुण्यास निवर्तलेले हे थोर खगोलशास्त्रज्ञ आपल्या फावल्या वेळांत विज्ञानकथा लिहीत. ‘वामन परत न आला’ ह्या त्यांच्या कादंबरींत जमिनींत खोल पुरलेली एका प्राचीन प्रगत संस्कृतीची पेटी सांपडते, आणि तींतल्या ज्ञानाच्या आधारें एक बुद्धिमान यंत्रमानव निर्माण होतो. त्याचें नांव वामन. हें नांव मोठें अर्थपूर्ण आहे. बळीच्या दारीं आलेला बटु तीन पावलांपुरतीच जागा मागतो. दान देऊन चुकल्यावर त्याचा आकार कळतो. हा यंत्र-वामनहि आरंभीं साह्यकर्ता असतो; मग त्याला आपल्यासारखे आणखी वामन हवेसे वाटूं लागतात, आणि तेथून भय सुरू होतें. दुसऱ्यानें कमावलेलें ज्ञान आयतें हातीं आलें, पण तें वापरण्याची शिस्त पेटींतून आली नाहीं, असा ह्या कथेचा अर्थ मी लावतों.

आतां हीं तीनहि मुळें एकत्र पाहूं या. संस्काराविना सामर्थ्य, मोबदल्याविना श्रम आणि विचाराविना आज्ञा. ह्यांपैकीं एकहि दोष यंत्राचा नाहीं. तिन्ही कर्त्याचे आहेत. म्हणून वैरी यंत्रमानवाच्या कथा वाचून यंत्राला भिणें हा त्यांचा उलटा अर्थ झाला. आज यंत्रें नोकरीचे अर्ज चाळतात, कर्जाला कोण लायक तें सुचवितात, विद्यार्थ्याला निबंधसुद्धां लिहून देतात. तीं डोळे लाल करून आपल्यावर धांवून येत नाहींत. सांगितलेलें काम मुकाट्यानें करतात. पण कोणाचा अर्ज विनाकारण फेटाळला गेला आणि त्यानें जाब विचारला, तर “यंत्रानें तसें ठरविलें” एवढेंच उत्तर मिळण्याचा संभव आहे. कथेंतल्या बंडाहून मला ह्या उत्तराचें भय अधिक वाटतें.

ह्या उत्तराला प्रत्युत्तर आपल्या वेताळपंचविशींत आहे. चार भाऊ विद्या शिकून येतात. एकानें हाडावर मांस चढविलें, दुसऱ्यानें कातडें व केस, तिसऱ्यानें अवयव पुरे केले, चौथ्यानें प्राण घातला. सिंह उठला आणि त्यानें चौघांनाहि खाल्लें. वेताळानें विचारलें, ह्यांत अपराधी कोण ? राजानें सिंहाचें नांव घेतलें नाहीं. तो म्हणाला, पहिल्या तिघांना हा प्राणी कोणता हें ठाऊक नव्हतें. पण सिंहाचा आकार डोळ्यांनीं पाहूनहि केवळ आपली विद्या मिरविण्यासाठीं ज्यानें प्राण घातला, तो अपराधी.

घरोघरीं हीं नवीं यंत्रें येणार, यावींतहि. त्यांचा उपयोग मोठा आहे. मात्र प्रत्येक यंत्रामागें नांव घेऊन जाब विचारतां येईल असा एक मनुष्य उभा असला पाहिजे, एवढा आग्रह आपण नागरिकांनीं सोडूं नये. आपल्या मुलांना हीं यंत्रें चालवावयास शिकवितांना वेताळाचा प्रश्नहि त्यांना विचारावयास शिकवावें.