इनामाची वांटणी

गोदाकांठच्या पंचवटीस यात्रा नवी नाहीं, आणि महाराष्ट्रांत यात्रा म्हटली कीं बहुधा कुस्त्यांचा फड आलाच. फडांत इनाम चीतपट करणाऱ्यास मिळतें. जोड बरोबरींत सुटली, तर पुष्कळ ठिकाणीं तें निम्मेंनिम्म वांटतात. परंतु हरलेल्या मल्लानेंही वर्षभर खुराकावर पैसा खर्चिलेला असतो. तो रित्या हातीं परतला, तर पुढल्या वर्षीं तालीम सोडील. मग जोड कोठून मिळावी?

मुष्टियुद्धांत निराळा मार्ग निघाला. ८ मार्च १९७१ रोजीं न्यूयॉर्क येथें महंमद अली व जो फ्रेझियर या दोघां अपराजित वीरांस प्रत्येकीं २५ लाख डॉलर आधींच ठरले होते. फ्रेझियर जिंकला, तरी अलीचा वांटा घटला नाहीं. २ मे २०१५ च्या मेवेदर-पॅकियाव सामन्यांत वांटणी ६०-४० अशी ठरली, कारण मेवेदरच्या नांवावर प्रेक्षक अधिक जमत.

तात्पर्य, मानाची गदा एकट्या विजेत्याची असावी. परंतु फडाचें उत्पन्न दोघांच्या घामाचें असतें. वांटणी कुस्तीपूर्वींच लेखी ठरावी, आणि हरणाऱ्याचा खुराक भागेल इतका वांटा तींत असावा. एका मल्लाची कुस्ती होत नाहीं.